रांगोळीतला माग

सफारीच्या शेवटच्या दिवशी गाइडने एका झुडपापाशी जीप थांबवली आणि वाळूतले सिंहिणीचे ठसे दाखवले. "आत जाणारे ठसे आहेत, बाहेर येणारे नाहीत. म्हणजे ती अजून आतच आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. सात वर्षांच्या मीराला ते इतकं आवडलं, की आफ्रिकेतून परतताना ती प्रत्येक विमानतळावर दिसेल त्या बुटांचा माग काढत होती.

फ्रिस्को शहरातल्या त्यांच्या घरासमोर टॅक्सी थांबली तेव्हा भर दुपार होती. सफारीला निघताना मीराच्या आईने, आश्लेषाने, दारासमोर पोर्चभर रांगोळी काढली होती. मीराने सवयीप्रमाणे रेषा चुकवत उड्या मारून ती ओलांडली, कुलपाचा कोड दाबला आणि ती थेट वर आपल्या खोलीकडे पळाली.

मागून बॅग ओढत आलेली आश्लेषा मात्र थबकली. रांगोळीतल्या कमळावर मोठ्या बुटाचा ठसा होता.

"डिलिव्हरीवाला असेल यार," तिचा नवरा निमिष टॅक्सीतून बॅगा काढत म्हणाला. "त्यांना काय कळतंय रांगोळीतलं!"

"अरे, पण आपण काही ऑर्डरच केलं नव्हतं."

तिने वाकून नीट पाहिलं. कमळाच्या पुढे आणखी एक ठसा होता, आणि तिसरा थेट उंबऱ्यावर. तिन्ही ठशांची टोकं घराकडे होती. बाहेर येणारा एकही नव्हता.

"मीरा!" तिने जिवाच्या आकांताने हाक मारली.

वर मीराच्या खोलीचं दार अगदी हळूच लागल्याचा आवाज आला.