खारीचा आवाज

एका कार्टूनमधल्या खारीला इरावती ठोसरांनी आवाज दिला होता. कंपनीने आवाजाचेच हक्क विकत घेतले, त्यामुळे घरातली यंत्रंसुद्धा कोणतंही रेकॉर्डिंग वाजवताना तो ओळखून दाबून टाकत. घरगुती व्हिडिओत इरावतीबाईंचे नुसते ओठ हलत.

आज पंच्याण्णव वर्षांनी ते हक्क संपले. त्यांची ऐंशी वर्षांची लेक मालन सकाळीच टीव्हीसमोर येऊन बसली.

“खारीचं कार्टून लावू का, आजी?” नातीने विचारलं. “आजपासून ते सगळ्यांचं झालं.”

“ते नको. माझा पाचवा वाढदिवस लाव.”

पडद्यावर आई ताट घेऊन दारात आली. “माले, अगं कुठे दडलीस? पुऱ्या गार होतायत!”

मालनबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी ओ दिली.