नवव्या दिवसाचे गहू

ग्रीसमधल्या योआनिना शहराच्या इस्पितळात, साथीच्या वॉर्डाच्या दाराशी उभी राहून लेमोनिया बाप गेल्याच्या नवव्या दिवशी वाटायचे उकडलेले गहू नर्सांना देत होती. साखर, डाळिंबाचे दाणे, वर बदाम. आत यायला बंदी, म्हणून पुड्या टेबलावर ठेवून ती मागे सरत होती.

रिनीने मास्क वर करून चिमूटभर गहू तोंडात टाकले. "देव थ्रासोसकाकांना क्षमा करो," ती रीतीप्रमाणे म्हणाली. "पण काय हो, त्यांचं बोट बेलवरून कधी हललं नाही. उशी, पाणी, खिडकी, परत उशी. वर देवदूतांनाही पळवत असतील."

लेमोनियाला रडता रडता हसू आलं. "घरीही तसेच." मग ती दुसऱ्या नर्सकडे, मेलपोकडे वळली. "शेवटच्या रात्री तुमची ड्यूटी होती ना, ताई? फार छळलं का हो तुम्हाला?"

मेलपोच्या हातातली पुडी तशीच राहिली. त्या रात्री बेल पुन्हा वाजली तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक गेली होती. तिने बटण म्हाताऱ्याच्या उशीजवळून काढून पलंगामागच्या खिळ्याला टांगलं. पाचच मिनिटं, म्हणून. तेवढ्यात शेजारच्या खोलीत दोन रुग्णांची तब्येत एकदम बिघडली आणि ती बटण विसरली. परतली तेव्हा थ्रासोसकाका गेले होते. हात खिळ्याच्या दिशेने होता. डॉक्टर म्हणाले, ते वाचणारच नव्हते. मेलपोला कुणी काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. तेव्हापासून लाजेने तिला आरशात बघवत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "शेवटी शेवटी बेल एकदाही वाजली नाही."

खोटं तर नव्हतंच ते.

"म्हणजे शांत गेले." लेमोनियाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि लगेच आईला फोन लावला. म्हातारी कालच याच वॉर्डात दाखल झाली होती. "आई, ऐकलंस? बाबांनीसुद्धा शेवटी कुणाला त्रास दिला नाही. मग तूच कशाला सारखी बेल दाबतेस? या पोरींचे हाल बघ जरा. आता बटणाला हात लावायचा नाही."

मेलपो पुढे झाली आणि तिने लेमोनियाच्या हातातला फोन ओढूनच घेतला.

"मावशी, बेल वाजवा. काही नको असलं तरी वाजवा. मी चिडले तरी वाजवा." फोन परत देताना ती पुटपुटली, "लेमोनिया, त्या रात्री मी..."

"काही बोलू नका, ताई." लेमोनियाने डोळे पुसले आणि उरलेल्या सगळ्या पुड्या तिच्यापुढे सरकवल्या. "मला आता घोर नाही. आई तुमच्या हाती आहे."