पातूरच्या गाठी

"पुन्हा तेच, पुंजाराम! पातूरच्या गाठी अंजनगावच्या नावावर." गिरणीचे हिशेबनीस असलेल्या मोरोपंतांनी कागदांचं भेंडोळं टेबलावर आपटलं. "चौथा महिना हा. मशीनले भूतबाधा झाली काय?"

"पायतो साहेब," म्हणत पुंजारामने हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

१९६३ साल. अकोल्याच्या त्या कापडगिरणीत नवं मशीन आलं होतं. कोणत्या गावाला कापडाच्या किती गाठी गेल्या, ते भोकं पाडलेल्या कार्डांवरून छापून देई. कुठला आकडा कुठल्या रकान्यात पडायचा, ते ठरे एका पाटीवरच्या तारांनी. एक तार सरकली की झालं पातूरचं अंजनगाव! महिनाअखेरीची पाटी वेगळी. ती महिन्यातून एकदाच लागे आणि बिघाड नेमका तिच्यातच निघे. मग अमरावतीहून मशीनची कंपनी पुंजारामला दुरुस्तीला धाडी.

चुकलेली तार त्याला तासाभरात सापडली. काम संपलं की दर वेळी तो मशीन चालवणाऱ्या वसंताला चहाला पिटाळी, एकट्याने शेवटचा हात फिरवी आणि मगच पाटी कपाटात ठेवी. माणूस भारी टापटिपीचा, असं वसंता साऱ्या गिरणीला सांगे.

"लेक बरी आहे?" निघता निघता मोरोपंतांनी विचारलं.

"सातवा लागला, साहेब. इथंच ताजनापेठेत हाये."

"नशीबवान आहात. आमची कुंदा अंजनगावले दिली. दोन वर्षांत एकदा गेलो. निमित्तच सापडत नाही." मग त्यांचा आवाज कोरडा झाला. "वरून पत्र आलं आहे. अजून एकदा चुकलं, तर मशीन परत. वसंताची नोकरीही गेली."

मोरोपंत गेले. वसंता चहाला निघाला.

"राहू दे आज," पुंजाराम म्हणाला. त्याने पाटी तशीच कपाटात ठेवली.

ताजनापेठेत तो लेकीच्या सासरी ओट्यावरच टेकला. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी रीत. बिनकामाचा गेला, तर विहीणबाईंच्या कपाळाला आठ्या. "गिरणीच्या कामानं आलतो," म्हटलं की त्यांचं तोंड बंद होई.

"पुढच्या महिन्यात याल न, बाबा?" जमुनेने विचारलं.

"मशीन आता पक्कं झालं, पोरी."

परतीच्या मोटारीत पुंजारामला रडू आवरेना.

पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला कंपनीत गिरणीचं पत्र आलं. मेकॅनिक ताबडतोब पाठवा. पुंजारामने पहिलीच मोटार पकडली. असं होईलच कसं? वसंताचं काय होणार?

गिरणीत पोचताच त्याने पाटी काढली. एकेक तार तीनतीनदा तपासली. सगळ्या जागच्या जागी. छापलेला कागद पाहिला. पातूरच्या गाठी पातूरलाच.

मोरोपंत आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"ठेवा ती पाटी. काही बिघडलं नाही. वसंताही जाग्यावर आहे."

"मंग पत्र कावून धाडलं, साहेब?"

मोरोपंतांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला.

"या खेपेले तुमी तार हलवून गेले नाही, पुंजाराम. मग निमित्त मलेच शोधा लागलं."