शेजाराची चाचणी

"मॅडम, तुमच्या धाकट्या जाऊबाईंच्या शेजारचं घर तुम्हाला देता येणार नाही," वसाहतीच्या कार्यालयातले वाघचौरे म्हणाले. "त्यांचं स्वयंपाकघर पाहताना तुमच्या मनगटावरच्या पट्टीने मत्सर ब्याऐंशी दाखवला. शेजाऱ्यांसाठी मर्यादा तीसची आहे."

"अहो, ते कौतुक होतं!" सुमेधा म्हणाली.

"कौतुक वेगळं मोजतो आम्ही. ते चार आलं."

तीन हजार घरांमधून सुमेधाने हेच घर निवडलं होतं. धाकट्या जावेच्या, ऋचाच्या घरापेक्षा ते मोठं होतं, शिवाय कोपऱ्यावरचं, बागेसकट. आता तिला वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला, नवव्या विभागात जावं लागणार होतं.

"आणि माझं घर पाहताना ऋचाचा मत्सर किती आला?"

वाघचौरेंनी पडद्यावर पाहिलं. "शून्य."

"बागसुद्धा दाखवली होती ना?"

"सगळं दाखवलं, मॅडम."

सुमेधा खुर्ची पुढे ओढून बसली. "तिचं पुन्हा मोजा."