डावा हात

साहेब शाळा तपासायला येणार म्हटल्यावर बाईंनी चौथीच्या वर्गाला आदल्या दिवशीच पढवून ठेवलं होतं. "हात सगळ्यांनीच वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. मी उजव्यालाच विचारीन."

युक्ती छान लागू पडली. साहेबांनी काहीही विचारलं की अख्खा वर्ग हात वर करी, बाई उजवा हात हेरून बोट दाखवत आणि उत्तर बिनचूक येई. बहुतेकदा ते पहिल्या रांगेतल्या ईश्वरीचं असे. साहेब खूश झाले, बाईंची मान ताठ झाली.

निघताना साहेबांनी सहज विचारलं, "काय रे पोरांनो, शाळा कुणाकुणाला आवडते?"

झाडून सगळे हात वर गेले.

"असा वर्ग आपल्या तालुक्यात दुसरा नाही, बाई," साहेब म्हणाले.

हात बहुतेक डावे होते, हे फक्त बाईंना कळलं. त्यात ईश्वरीचाही होता. तो आणखी उंच ताणून ती बाईंकडेच बघत होती. तिला काहीतरी सांगायचं होतं. पण डाव्या हाताला विचारायचं नाही, हे तर बाईंनीच ठरवलं होतं.

त्यांनी मान खाली घातली.