ना बॅटरी, ना बिल

उन्हाळ्यात भुईगावातली वीज सारखी रुसून बसायला लागली, तेव्हा लूर्डस आजीनं आपल्या जुन्या शिलाई मशीनला सायकलचा डायनामो जोडला. पायानं मशीन चालवायचं, की खणातून आलेल्या वायरला लावलेला मोबाईल चार्ज! नातवंडं पाळीपाळीनं पायडल मारत बसायची, आणि आजी शेजारी बसून त्यांना पोर्तुगीज कप्तानाच्या मिशीत माड उगवल्याची गोष्ट सांगायची.

तिचा मुलगा ॲन्सेल्म गावभर छाती फुगवून सांगत सुटला, "आमच्या आईचं यंत्र बघा एकदा. ना बॅटरी, ना बिल!" रविवारी मिस्सा सुटल्यावर तो फादरना आणि बरोबर असलेल्या सगळ्यांनाच घरी घेऊन आला. नातवंडं अजून धर्मशिक्षणाच्या वर्गातच होती. त्या पाहुण्यांतल्या इंजिनीअर स्टॅनीनं सहज मशीनचा खण ओढला, तर आत रिळांच्या खाली पॉवर बँक! वायर तिथूनच आली होती. डायनामो नुसता शोभेला.

"आणि म्हणे बॅटरी नाही!" स्टॅनी हसला, तसे फादरही हसले. ॲन्सेल्मचं तोंड कोकमासारखं लाल झालं. पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडतानाही त्याची मान वर होईना.

परत आल्या आल्या तो आईवर उखडला, "आई, फादरांसमोर लाज काढलीस माझी! कशाला गं हा खोटेपणा?"

आजीनं घाईघाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.



"हळू बोल, मेल्या, पोरं आली बघ! त्यांनी ऐकलं, तर उद्यापासून माझ्याजवळ कोण बसेल?"