चव तीच हवी

साहेबांच्या नव्या खोलीला आता चारी बाजूंनी काच होती. कारभार पारदर्शक हवा, म्हणून भिंती पाडल्या होत्या. तपासणी विभागातल्या बाई आत शिरल्या आणि हातातली झाकणाची काचेची बशी त्यांनी टेबलावर ठेवली.

"पुन्हा तेच, साहेब."

बशीतल्या खळीच्या थरावर नव्या दह्याच्या नमुन्यातून जंतूंचे ठिपके उठले होते. उजेडात धरले की धातूसारखी हिरवी चमक मारायचे. उन्हाळ्यात डेअरीच्या दह्यातून हेच जंतू गावभर गेले होते. दोन मुलं दगावली होती.

त्यानंतर डेअरीने कात टाकली. जुने साहेब गेले, हे आले. नाव बदललं, टाक्या बदलल्या, हिरवे सदरे आले. विरजणघरात हयात घालवलेल्या मामांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना घरी बसवलं. जुन्यातल्या उरल्या त्या फक्त बाई, आणि शीतकपाटातला एक डबा.

"टाक्या नव्या, दूध ताजं. मग हे आलं कुठून?"

"विरजणातून. ते जुनंच आहे."

"ते कोणी ठेवलं?"

"तुम्हीच. गिऱ्हाइकाला चव तीच हवी, म्हणालात. मी तेव्हाच नको म्हटलं होतं."

साहेब हसले. "आज उद्घाटन, गाडी भरून उभी, आणि तुम्ही आलात सगळ्यावर विरजण घालायला!"

स्वतःच्या विनोदावर ते आणखी थोडं हसले. बाई हसल्या नाहीत.

"गाडी थांबवा. लहान मुलं खातात हे."

"थांबवू की. आधी परत एकदा तपासा. स्वच्छ येईपर्यंत तपासा."

बाईंना आठवलं. जुने साहेब हेच म्हणाले होते. असंच, समजुतीच्या सुरात. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

बाहेर पटांगणात हिरव्या सदऱ्यांतले कामगार जमले होते. सगळे नवे. ही चमक ओळखून गाडीपुढे आडवे झाले असते ते एकटे मामा.

बाईंनी बशी उचलली, काचेला टेकवली आणि त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या, "गाडी सोडू नका!"

काच जाड होती. साहेब शांतपणे उठून त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि बाहेर पाहून त्यांनी हात हलवला.

उन्हात बशी चमकली. अगदी सदऱ्यांसारखी हिरवी. पटांगणातल्यांनी ती पाहिली, एकमेकांना दाखवली आणि टाळ्या वाजवल्या. आत काहीच ऐकू आलं नाही. नुसते हलणारे हात दिसत होते, आणि त्यांच्यामागून फाटकाबाहेर पडणारी गाडी.